शिथिलनगती

शिथिलनगती : स्नायू आवळून नव्हे, तर आवळलेला स्नायू सैल सोडून घडणारी शरीराची हालचाल. वाकणे, उकिडवे बसणे, पहिले पाऊल टाकणे, शांतपणे श्वास सोडणे, उखळात मुसळ पडू देणे ही तिची नित्याची उदाहरणे. शरीरक्रियाविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत हालचाल म्हणजे आकुंचन हे समीकरण रूढ असल्याने हा विषय तेथे चार ओळींत आटोपतो. योगावरील लोकप्रिय लेखनाची गोष्ट उलटी. तेथे ‘विनासायास’ हालचालीचा इतका गौरव होतो की काम नेमके कोण करते, हा प्रश्नच कोणी विचारत नाही. प्रस्तुत नोंदीची भूमिका अशी की शिथिलनाने हालचाल घडते, पण शिथिलन स्वतः काम करीत नाही. गुरुत्व, ऊतींची लवचीक ओढ किंवा हवेचा दाब यांपैकी कोणी ते करायला उभे असेल तेथे शिथिलन फक्त वाट मोकळी करते. म्हणून प्रत्येक उदाहरणात स्नायूने सोडलेला भार गेला कोणाच्या माथी, हे पाहणे भाग आहे.

स्नायू ओढू शकतो, ढकलू शकत नाही. त्यामुळे गुडघा वाकायचा तर मांडीमागच्या स्नायूंनी ओढले पाहिजे आणि त्याच वेळी मांडीपुढच्यांनी ढिले दिले पाहिजे. हे ढिले देणे म्हणजे ओढाताणीत हार खाणे नव्हे. चार्ल्स शेरिंग्टन (१९३२ चे वैद्यकाचे नोबेल, एड्रियन यांच्यासह) यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत वाकवणारे स्नायू सांध्यापासून तोडून टाकले, तरीही सरळ करणारा स्नायू सैल पडला; म्हणजे सैल पडण्याची आज्ञा मज्जारज्जूतून स्वतंत्रपणे येते. या शिथिलनाला खर्चही पडतो. आकुंचनात अडकलेले मायोसिन तंतू सुटायला एटीपी हा ऊर्जावाहक रेणू लागतो आणि पेशीत सांडलेले कॅल्शियम परत कोठीत ओढून घ्यायलाही तोच लागतो. मृत्यूनंतर एटीपी संपतो आणि देह ताठरतो तो याच कारणाने. सैल सोडणे म्हणजे विश्रांती, हा समज येथेच मोडतो. डॅनिश वैद्य थॉमसन यांनी १८७६ मध्ये स्वतःच्याच घराण्यातील एका आनुवंशिक विकाराचे वर्णन केले. त्यात आवळलेली मूठ लवकर उघडत नाही, बसल्या जागेवरून उठल्यावरची पहिली पावले अडखळतात आणि थोडे चालल्यावर पाय मोकळे होतात. अशा रोग्यांत ताकद पुष्कळदा उत्तम असते. उणीव असते ती सोडण्याची.

निरोगी माणसाच्या पहिल्या पावलातही हेच क्रमाने दिसते. उभे असताना पोटरीतला खोलवरचा स्नायू शरीराला पुढे कलंडण्यापासून मागे धरून ठेवतो. चालायला सुरुवात करताना विद्युत्-आलेखावर सर्वांत आधी उमटते ती या स्नायूची शांतता. नडगीलगतचा स्नायू त्यानंतर जागा होतो, शरीर पुढे झुकते आणि मग पाय उचलला जातो. कलंडण्याची इच्छा पृथ्वीची, परवानगी पोटरीची.

धानाची रोवणी : गडचिरोली जिल्ह्यातील (स्थापना १९८२, पूर्वी चंद्रपूर जिल्ह्याचा भाग) चामोर्शी तालुका वैनगंगेच्या काठचा, धानाचा मुलूख. आषाढ-श्रावणात चिखल केलेल्या बांधीत (धानाच्या खाचरात) पऱ्हे म्हणजे धानाची रोपे रोवण्याचे काम मुख्यतः बायाच करतात. ओळ धरून, धुऱ्याकडे (बांधाकडे) सरकत, मागे मागे जायचे. डाव्या हातात पेंडी, उजव्या हाताने दोन-तीन काड्या वेगळ्या करून बोटांनी चिखलात खोचायच्या; हा एक चूड. २० × १५ सेंमी. हे शिफारशीतले अंतर धरले तर १ एकरात सुमारे १ लाख ३५ हजार चूड बसतात. प्रत्यक्षात अंतर मागेपुढे होते, पण आकड्याची जात तीच राहते. प्रत्येक चुडासाठी खाली वाकून पुन्हा सरळ होणे कोणत्याही कमरेच्या आवाक्यातले नाही, म्हणून बाई एकदा वाकते ती पेंडी संपेपर्यंत किंवा ओळ धुऱ्याला लागेपर्यंत उठत नाही. वाकण्याची सुरुवात पाठीच्या उभ्या स्नायूंनी जरा ढिले देण्याने होते, धड गुरुत्वाने खाली येऊ लागते आणि तेच स्नायू लांबत लांबत त्याला आवरून धरतात. येथवर हे शुद्ध शिथिलन नव्हे, सावकाश दोरी सोडणे आहे. पण वाकण्याचा बहुतेक पल्ला ओलांडला की या स्नायूंची विद्युत्-क्रिया जवळजवळ थांबते. लंडनमधील फ्लॉइड व सिल्व्हर यांनी १९५५ मध्ये याचे तपशीलवार वर्णन केले. वाकण-शिथिलन या अर्थाच्या नावाने ते ओळखले जाते. त्या अवस्थेत धड मणक्यांमागच्या अस्थिबंधांवर आणि ताणलेल्या ऊतींवर टांगलेले असते, खुंटीला कावड अडकवावी तसे. काही बाया डावे कोपर मांडीवर टेकवून त्यातला वाटा हाडांकडे देतात. मांडीमागचे आणि नितंबांचे स्नायू मात्र पुष्कळदा कामावरच असतात, तेव्हा सबंध शरीर सैल आहे असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल.

यावर पहिला आक्षेप असा घेता येतो की ही गती गुरुत्वाची, शिथिलनाची नव्हेच. आक्षेप अर्धाच खरा आहे. धरणातून पाणी उताराने वाहते, तरी ते केव्हा आणि किती वाहावे हे दरवाजा ठरवतो; चामोर्शीजवळच्या चिचडोह बंधाऱ्याबद्दल बोलताना कोणी दरवाजांना बिनकामाचे म्हणत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वरवरचे स्नायू गप्प झाले तरी पाठीच्या खोल थरांतील काही स्नायू उलट अधिक जागे होतात, असे बारीक तारा खुपसून घेतलेल्या १९९० च्या दशकातील नोंदींत आढळले. म्हणजे शांतता त्वचेवर चिकटवलेल्या विद्युदग्रांना ऐकू येते तेवढी सार्वत्रिक नाही. ‘स्नायू झोपला’ यापेक्षा ‘भार हात बदलून गेला’ हे वर्णन म्हणूनच सुरक्षित. तिसरा मुद्दा हिताचा. अस्थिबंध दमत नाहीत, पण लांबतात. वीसेक मिनिटे पूर्ण वाकून राहिल्यास पाठीच्या सांध्यांत ढिलेपणा येतो आणि सरळ झाल्यावर पहिल्या दोन मिनिटांत त्यातला निम्माच भरून निघतो, असे प्रयोगशाळेत मोजले गेले आहे. ओळ संपल्यावर कमरेला हात लावून क्षणभर उभे राहणे हा आळस नाही. लगेच पेंड्यांचे ओझे उचलणे त्या वेळी सर्वांत धोक्याचे. दुसरीकडे, जुनाट कंबरदुखीच्या पुष्कळ रोग्यांत वाकल्यावरची ही शांतता हरवलेली असते. दुखरी पाठ सोडायला धजत नाही, आणि न सोडल्याने अधिक दमते. सैल सोडणे निरपवाद चांगले नाही आणि न सोडता येणेही चांगले नाही. वेळ किती, हाच खरा प्रश्न. (पहा : कटिशूल.)

उड्डियान व नौली : महाराष्ट्रातील सर्वांत व्यवस्थित नोंदलेले उदाहरण लोणावळ्याचे. स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही संस्था व योगमीमांसा हे त्रैमासिक सुरू केले आणि क्ष-किरण व दाबमापक वापरून या क्रिया तपासल्या. उड्डियानात श्वास पूर्ण बाहेर टाकून कंठद्वार बंद करतात आणि हवा आत न घेता छाती श्वास घेतल्यासारखी फुलवतात. छातीतला दाब उतरतो, सैल सोडलेले श्वासपटल वर ओढले जाते आणि त्यामागोमाग पोटाची भिंत पाठीकडे खोल जाते. नवशिक्याची चूक ठरलेली : पोट आत न्यायचे म्हणून तो पोटाचे स्नायू आवळतो, आणि खळगा पडतच नाही. ते सैल सोडले तरच बाहेरच्या हवेचा दाब त्यांना आत लोटतो. नौलीत मात्र मधले उभे स्नायू मुद्दाम आवळलेले असतात. त्या वेळी मोठ्या आतड्यात वातावरणापेक्षा कमी दाब निर्माण होतो हे कुवलयानंदांनी मोजून दाखवले आणि त्या निर्वाताला गुरू माधवदासांचे नाव दिले. बस्तीत (गुदमार्गे पाणी ओढून आतडे धुण्याच्या क्रियेत) पाणी वर चढते ते आतड्यांच्या उलट्या हालचालीने, ही समजूत त्यामुळे निकालात निघाली. या क्रियांच्या उपचारमूल्याविषयी मतभेद आहेत. पतंजलीच्या योगसूत्रांतील (२.४७) ‘प्रयत्नशैथिल्य’ हा शब्द शिथिलनगतीच्या समर्थनार्थ अनेकदा पुढे केला जातो, परंतु तो आसनाच्या स्थैर्यासंबंधी आहे, गतीसंबंधी नाही. तोच शब्द लावायचा तर तो ओळीत वाकून राहिलेल्या बाईच्या पाठीला अधिक शोभतो.

क्रीडा व नृत्य : साहित्य विपुल, मोजमाप तुरळक, येथे विचार केलेला नाही.

शिल्प : चामोर्शी तालुक्यातीलच मार्कंडा येथील, वैनगंगेच्या काठच्या मंदिरांवर अंग मोडून उभ्या असलेल्या मूर्ती आहेत. त्या उभे राहण्यात एक पाय मोकळा सुटतो, त्या बाजूचा कटिभाग खाली उतरतो आणि टेकलेल्या पायाची कंबर बाहेर येऊन मांडीच्या बाहेरील पट्ट्यावर टांगली जाते.