राजकन्या आणि खिडकीजवळची कॉट

आमच्याकडे गणपती दीड दिवसाचा असतो, पण पाहुणे पाच दिवसांचे असतात. त्यामुळे विसर्जनानंतरचे साडेतीन दिवस वाद घालायला मोकळे मिळतात. गावसकर मोठा की तेंडुलकर, हापूस रत्नागिरीचा की देवगडचा, डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडावी की स्लो, हे सर्व प्रश्न आम्ही दर वर्षी कायमचे निकालात काढतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा ताजे करून वाढतो. यंदा मात्र विषय असा निघाला, की माझ्यासारख्या, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणाऱ्या माणसाने त्यात पडू नये. जुन्या व्हिडिओ गेमपैकी जिंकायला सर्वांत अवघड कोणता?

प्रश्न पुतण्याने टाकला आणि घरातले चाळिशीच्या पुढचे सगळे पुरुष एकदम पंधरा वर्षांचे झाले. मी वर्तमानपत्रात डोके घातले. कारण या विषयात मी आमच्या घराण्यातला अधिकारी पुरुष आहे. "दादाने मारिओ संपवला होता," असे माझा धाकटा भाऊ गेली तीस वर्षे प्रत्येक नव्या नातेवाइकाला सांगत आला आहे. माझ्या लग्नात त्याने ही माहिती माझ्या सासऱ्यांनाही दिली होती. मारिओ हे अकाउंटन्सीच्या एखाद्या परीक्षेचे नाव असावे असे समजून ते समाधानाने हसले होते.

त्या पराक्रमाची हकिगत थोडक्यात अशी. १९९४च्या मे महिन्यात बाबांनी मनीष मार्केटमधून टीव्हीला जोडायचा गेम आणला. तो मूळ जपानी यंत्राची नक्कल होता, हे पुष्कळ वर्षांनी कळले. आम्हाला तो अस्सलच वाटत होता. त्याच्या पिवळ्या कॅसेटवर '९९९९ इन १' असे छापले होते. प्रत्यक्षात आत मोजून पाच-सहा गेम होते आणि उरलेले तेच गेम नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. कॅसेट चालली नाही तर काढून फुंकायची आणि परत लावायची. फुंकण्याने नेमके काय होते हे कुणालाच ठाऊक नव्हते, पण न फुंकता लावण्याची हिंमतही कुणात नव्हती.

दोन खोल्यांच्या त्या घरात खिडकीजवळ एकच कॉट होती आणि आम्ही भाऊ दोन. मी सोळा वर्षांचा, तो तेरा. रोजची मारामारी ऐकून कंटाळलेल्या बाबांनी शेवटी निकाल दिला, "जो तो मारिओ आधी संपवेल त्याची कॉट." एका दुपारी घरचे सगळे एका मुंजीला गेले आणि मी अभ्यासाचे निमित्त सांगून मागे राहिलो. संध्याकाळी मंडळी परतली तेव्हा मी कॉटवर आडवा होतो. "संपवला?" भावाने विचारले. "संपवला." "शेवटी काय झालं?" मी म्हणालो, "काय व्हायचं? राजकन्या सुटली. मारिओशी लग्न लागलं. सनई वाजली."

खरी गोष्ट अशी, की आठव्या दुनियेच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या किल्ल्यात मी शिरलो होतो. तो किल्ला म्हणजे चक्रव्यूह. चुकीच्या नळात उतरले की पुन्हा मागे यायचे, आणि वर घड्याळ उलटे पळत असते. चौथ्यांदा मागे येऊन मी दातओठ खाऊन पुढे निघालो आणि लाईट गेली. त्या गेममध्ये खेळ राखून ठेवायची सोय नव्हती. बत्तीस टप्पे, आठ किल्ले आणि माझी पुरी दुपार विजेबरोबर गेली. कॉट मात्र समोर होती.

तेव्हा मी वर्तमानपत्राआड का दडलो होतो, हे आता कळले असेल.

इकडे मेव्हण्याने पहिला उमेदवार उभा केला. मेव्हणा बँकेत आहे आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात "फॅक्ट अशी आहे की" अशी करतो. "फॅक्ट अशी आहे की, 'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स'पुढे बाकी सगळे बालवाडी."

हा खेळ कॅपकॉम कंपनीने १९८५ साली काढला. आर्थर नावाचा चिलखती सरदार राजकन्येला सोडवायला निघतो. एक फटका बसला की त्याचे चिलखत गळून पडते आणि तो नुसत्या चड्डीवर पळू लागतो. दुसरा बसला की हाडांचा सापळा.

"मग तो आधी घरी जाऊन कपडे का नाही घालत?" आईने वाती वळता वळता विचारले.

"वेळ नसतो, आई. भुतं मागे असतात."

"चड्डीवर फिरायला बरा वेळ असतो," असे म्हणून आईने पुढची वात घेतली.

पण खरी मेख शेवटी आहे. एक ठरावीक शस्त्र हातात नसेल तर शेवटच्या राक्षसापुढे जाऊच देत नाहीत, मागच्या टप्प्याला परत पाठवतात. ते शस्त्र मिळवून राक्षसाला मारावे, तर पडद्यावर मजकूर येतो की हे सगळे सैतानाने रचलेले मायाजाल होते, आता पहिल्यापासून पुन्हा खेळा, तेही अधिक अवघड करून. सरकारी कचेरीत सगळे कागद जमवून शेवटच्या खिडकीशी पोचल्यावर "हा जुना फॉर्म आहे" असे ऐकलेल्या माणसाला हे दुःख समजेल.

पुतण्याने दुसरे नाव काढले, 'बॅटलटोड्स'. १९९१ सालचा, इंग्लंडच्या रेअर कंपनीचा. त्यातले नायक बेडूक. तिसऱ्याच टप्प्यात ते हवेत तरंगणाऱ्या दुचाकीवर बसतात आणि समोरून भिंती येत राहतात, पुढेपुढे तर इतक्या वेगाने, की डोळ्यांनी पाहून बोटांना कळवायला सवड नसते. बहुतेकांचा बेडूक तिथेच चिरडला गेला. दोघांनी मिळून खेळावे तर एकाची लाथ दुसऱ्याला लागते. शिवाय मूळ गेममध्ये एक चूक राहून गेली होती. अकराव्या टप्प्यावर दुसऱ्या खेळाडूची बटणे चालतच नसत. म्हणजे दोघांनी जिवाचे रान करून तिथवर यायचे आणि एकाने जागच्या जागी मरायचे. भागीदारीच्या धंद्यात पडलेल्या आमच्या एका आत्तेकाकांची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

"पण हे असले खेळ काढायचेच कशाला?" आमची सौभाग्यवती म्हणाली. "पैसे देऊन छळ विकत घ्यायचा?"

प्रश्न रास्त होता, आणि ते उत्तर मला येत होते. मी वर्तमानपत्र खाली ठेवले. हीच चूक झाली.

म्हटले, याचा उगम शौर्यात नाही, हिशेबात आहे. हे खेळ आधी पार्लरच्या मोठ्या यंत्रांत आले. तिथे एक नाणे टाकायचे. माणूस एका नाण्यात तासभर जिवंत राहिला तर पार्लरवाल्याने खायचे काय? म्हणून दोन-तीन मिनिटांत मेला पाहिजे. पण असा मेला पाहिजे, की त्याला वाटावे, 'अरेरे, थोडक्यात हुकलं!' आणि हात पुन्हा खिशात जावा. पुढे खेळ घरच्या टीव्हीवर आले तरी ती खोड गेली नाही, कारण आता जागेची टंचाई होती. आख्खा मारिओ चाळीस किलोबाइटमध्ये बसवला होता. आईला रोज सकाळी येणारे फुलांचे 'शुभ सकाळ' त्याहून मोठे असते. जाणकार लोक आज आडवाटेने तो पाच मिनिटांच्या आत संपवतात. एवढ्याशा खेळाला पूर्ण किंमत देणाऱ्या गिऱ्हाइकाने तो महिनोन्‌महिने पुरवून खावा, याला उपाय एकच, अवघड करा. पाहुणे वाढले की आमटीत पाणी वाढवतात, त्यातलाच प्रकार.

अमेरिकेत आणखी एक पंचाईत होती. जपानमध्ये कायद्यामुळे कॅसेटी भाड्याने देता येत नसत. अमेरिकेत सर्रास मिळत. निन्टेंडो कंपनीला ते थांबवता आले नाही. तिने १९८९ साली भाड्याचा धंदा करणाऱ्या ब्लॉकबस्टरवर दावा लावला, तोही कशाबद्दल, तर खेळाच्या माहितीपुस्तिकेच्या झेरॉक्स काढल्याबद्दल! मग काही कंपन्यांनी सरळ मार्ग धरला. शनिवारी भाड्याने नेलेला गेम रविवारी रात्रीपर्यंत संपताच कामा नये, अशा बेताने अमेरिकन आवृत्ती जास्त कठीण केली.

उलटही घडले. १९८६ साली जपानमध्ये मारिओचा दुसरा भाग निघाला. त्यात खाल्ल्यावर बळ येण्याऐवजी जीव जाणारे विषारी अळंबे होते. अमेरिकन शाखेने तो पाहून हात जोडले. अमेरिकेला 'दुसरा भाग' म्हणून १९८८ साली निराळाच एक जपानी खेळ, पात्रांना मारिओमंडळींचे कपडे चढवून देण्यात आला. खरा दुसरा भाग तिकडे पोचला तो १९९३ साली.

"आणि कॉन्ट्राचे तीस लाइफ?" भाऊ म्हणाला. वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे. ही बटणे त्याची बोटे हवेतच दाबू लागली.

त्या मंत्राची कथा मला फार आवडते. कोनामी कंपनीत काझुहिसा हाशिमोतो नावाचे गृहस्थ 'ग्रेडियस' हा खेळ घरच्या यंत्रासाठी तयार करत होते, १९८६ची गोष्ट. तपासणीसाठी तो शेवटपर्यंत खेळून पाहणे भाग होते आणि त्यांना स्वतःलाच तो जमेना. म्हणून त्यांनी गुपचूप एक बटणांचा मंत्र घातला, की सगळी शस्त्रे एकदम मिळावीत. गेम बाजारात गेला तेव्हा मंत्र काढायचा राहिला. तोच पुढे कॉन्ट्रात आला आणि त्याने जगातल्या लाखो पोरांना तीस-तीस जन्म दिले. स्वतः काढलेला पेपर स्वतःला न सुटलेले मास्तर मी पुष्कळ पाहिले, पण ते कबूल करून पोरांना तीस गुण वाढवून देणारे हे एकच.

मेव्हण्याने विचारले, "पण खरोखर अशक्य असा कुठला?"

तर पॅकमॅन. १९८० सालचा. त्याला शेवटच नाही, असे करणाऱ्यांनी गृहीत धरले होते. पण टप्प्याचा आकडा ठेवायला यंत्रात जागा फक्त २५५पर्यंतची. २५६वा टप्पा आला की उजवा अर्धा पडदा अक्षरांच्या खिचडीने भरून जातो आणि पुढे जाता येत नाही. तिथे माणूस हरत नाही, यंत्राची मोजणी संपते. टेट्रिसचेही तसेच. अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी तो १९८४ साली मॉस्कोत रचला. निन्टेंडोच्या १९८९च्या आवृत्तीत एकोणतिसाव्या टप्प्यावर ठोकळे इतक्या वेगाने पडतात, की हाच शेवट असे वर्षानुवर्षे सर्वांनी मानले. मग पोरांनी बटण दाबण्याच्या नव्या रीती काढल्या, आणि डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेतला एक तेरा वर्षांचा मुलगा १५७व्या टप्प्यावर पोचला. खेळच गोठला. चौतीस वर्षांत माणसाच्या हातून हे प्रथमच झाले. ब्रिटिश वाहिनीवरच्या निवेदिकेने बातमी दिली आणि त्याला बाहेर मोकळ्या हवेत जायचा सल्ला दिला.

"बरोबर बोलली बाई," आई म्हणाली.

एवढे सगळे सांगून मी विजयी मुद्रेने चहाचा कप उचलला, आणि पुतण्याने विचारले, "काका, मारिओच्या शेवटी काय होतं हो?"

तीस वर्षे एकच साक्ष दिलेला माणूस दुसरे काय बोलणार? "राजकन्या सुटते. लग्न होतं," मी म्हणालो. सनई मात्र या वेळी गाळली.

खोलीत शांतता पसरली. पुतण्याने मोबाइल पुढे केला. पडद्यावर राजकन्या उभी होती. ती मारिओचे आभार मानत होती आणि मोहीम संपली असे सांगत होती. लगेच खाली, आता एक नवी मोहीम देत आहोत. म्हणजे तेच सारे पुन्हा, फक्त सोप्या शत्रूंच्या जागी कठीण कवचाचे. लग्न नाही, सनई नाही, अक्षतेचा दाणा नाही.

मी भावाकडे पाहिले. तो चकलीचा तुकडा शांतपणे चावत होता.

"मला माहीत होतं दादा," तो म्हणाला. "त्याच मे महिन्यात मित्राकडे मी संपवला होता."

"मग तू बोलला का नाहीस?"

"तू इतका खूश होतास त्या कॉटवर." मग जरा थांबून, "शिवाय खिडकीपाशी डास फार होते."

यातले खरे कारण कोणते, हे मी विचारले नाही. ती कॉट मी नोकरी लागेपर्यंत सोडली नव्हती, आणि त्या वर्षांत मला मलेरिया दोनदा झाला होता. तेरा वर्षांचा पोरगा हातात जिंकलेला डाव घेऊन तीस वर्षे गप्प बसतो आणि वर माझीच कीर्ती गात फिरतो, याहून अवघड खेळ मला तरी माहीत नाही. मेव्हण्यालाही "फॅक्ट अशी आहे की" एवढेच म्हणता आले.

रात्री सगळे झोपल्यावर पुतण्याने टीव्हीला काहीतरी जोडून मारिओ लावून दिला. भावाने रिमोटसारखे ते यंत्र माझ्या हातात दिले. "घे दादा, आज संपव. लाईट जात नाही आता."

मी पुढे झालो. समोरून ते पहिलेच तपकिरी अळंबे संथपणे चालत आले. मी त्याच्याकडे पाहत राहिलो, ते येऊन मला धडकले आणि मी मेलो.

"दादा," भाऊ म्हणाला, "उडी मारायची असते."