क्षयरोगी आणि त्याचे घर

अष्टविनायकांपैकी थेऊरच्या चिंतामणीचे दर्शन घेऊन आलेले आपल्यात पुष्कळ आहेत. त्याच थेऊरला, चिंतामणीच्या सान्निध्यात, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थोरले माधवराव पेशवे वारले. वय अवघे २७ वर्षांचे. रोग राजयक्ष्मा, म्हणजे क्षय. त्याच वर्षाच्या जानेवारीत महादजी शिंद्यांनी बादशहा शाहआलमला दिल्लीत नेले होते. पानिपतानंतर मराठी सत्ता उत्तरेत पुन्हा उभी राहिली ती याच पेशव्याच्या कारकिर्दीत, आणि ग्वाल्हेर-इंदूरकडे आमची घराणी रुजली ती त्या सत्तेच्या आधाराने. पण खुद्द पेशव्याला या रोगावर औषध मिळाले नाही.

आपल्या पुराणात हा रोग दक्षाच्या शापाने चंद्राला जडला असे सांगितले आहे. पुढे औषध निघाले, पण रोग म्हणजे शाप ही समजूत काही गेली नाही. क्षयरोग्याच्या जगण्याचा इतिहास पाहताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात.

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. त्यानंतर पाचच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयानेच गेल्या. फिलाडेल्फियाहून त्या पदवी घेऊन आल्या होत्या, कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झाली होती, पण त्या जागेवर त्यांना बसता आले नाही. वयाची २२ वर्षेही पुरी झाली नव्हती. रोगाचे कारण कळले होते, उपाय मात्र साठ वर्षे दूर होता.

मधल्या काळात आधार होता तो सॅनिटोरियमचा. कोरडी हवा, पूर्ण विश्रांती, दूध-अंडी, कॉडलिव्हर ऑइल. अजमेरजवळच्या तिलोनियाला, कुमाऊंत भोवालीला, मद्रास इलाख्यात मदनपल्लीला अशी आरोग्यधामे निघाली; मिरजेजवळची वानलेसवाडी आणि पाचगणी ही नावे मराठी घरांत याच संदर्भात घेतली जात. छातीत हवा भरून फुप्फुस मिटवायचे, कधी बरगड्या काढायच्या, असेही उपचार चालत. महिनेच नव्हे, वर्षे जात. पैसेवाल्याला गादी आणि दूध मिळे. गरिबाला बहुधा घरचा कोपराच असे. पण श्रीमंत असो वा गरीब, रोगी माणसांतून उठलेलाच असे.

१९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले. मग प्रश्न उभा राहिला, लाखो रोग्यांना खाटा आणायच्या कुठून? याचे उत्तर १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या एका अभ्यासाने दिले. डॉ. वॉलेस फॉक्स यांच्या देखरेखीखाली गरीब, दाटीवाटीच्या वस्तीतल्या रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला सॅनिटोरियममध्ये ठेवले, दुसऱ्याला तीच औषधे घरी दिली. वर्षअखेर सॅनिटोरियममधले ९२ टक्के आणि घरचे ८६ टक्के रोगी जंतुमुक्त झाले. घरच्यांचे खाणे निकृष्ट होते, विश्रांती कमी होती, तरी फरक एवढाच. रोगी घरात राहून औषध घेतो म्हणून घरच्यांना अधिक धोका होत नाही, हेही पुढच्या पाहणीत दिसले. १९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरातली सॅनिटोरियमे हळूहळू ओस पडली. रोगी घरी परतला.

हा फार मोठा विजय होता, पण त्यात एक प्रश्न मागे राहिला. जंतू गेला म्हणजे माणूस बरा झाला का? जागतिक आरोग्य संघटनेने १९९० नंतरच्या दशकात जगण्याचा दर्जा मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तिच्यात शरीर, मन, माणसांशी संबंध आणि भोवतालची परिस्थिती अशा चार बाजू आहेत. थुंकीच्या तपासणीत यातली एकही बाजू पुरती दिसत नाही.

आजचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. लघवी नारिंगी होते, मळमळते, सांधे दुखतात, क्वचित कावीळही होते. आठवड्यातून तीनदा केंद्रावर जाऊन गोळ्या घेण्याची पद्धत असताना हातावर पोट असलेल्याचा रोज बुडे. २०१७ पासून रोजच्या गोळ्या देणे सुरू झाले. पण मनाचे काय? ताटवाटी वेगळी होते, मुलांना जवळ येऊ देत नाहीत, लग्नाच्या बोलण्यांत रोगाचे नाव दडवले जाते. सासरहून सून माहेरी धाडली जाते. लपवायचे म्हणून गोळ्याही लपून घ्यायच्या, आणि लपवता लपवता त्या चुकतात. चुकलेल्या गोळ्यांतून औषधाला दाद न देणारा क्षय वाढतो, म्हणजे भीतीच रोगाला बळ देते.

खाण्याचा प्रश्नही पुन्हा समोर आला. औषध असेल तर आहाराचे फारसे अडत नाही, असा अर्थ मद्रासच्या अभ्यासातून काढला गेला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झारखंडमधल्या अभ्यासाने दुसरी बाजू दाखवली. रोग्याच्या घरच्यांना धान्य-डाळीचा शिधा दिल्यावर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. सरकारही २०१८ पासून उपचार चालू असलेल्या रोग्याला पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये देऊ लागले. २०२४ च्या अखेरीस ते १००० झाले.

गोळ्या आणि पैसे सरकार देईल. ताट एकत्र मांडणे मात्र घरच्यांच्याच हातात आहे. योग्य औषध सुरू झाले की बहुतेक रोग्यांपासून लागण होण्याची भीती काही आठवड्यांतच ओसरते, आणि भांड्यांतून तर क्षय पसरतच नाही. तेव्हा भांडी वेगळी करण्यापेक्षा खिडक्या उघडाव्यात आणि खोकताना तोंडावर रुमाल धरावा.

चतुर्थीला चंद्र पाहिला तर खोटा आळ येतो म्हणून आपण त्या रात्री खाली मान घालून चालतो. क्षयरोग्यावर असा आळ वर्षाचे बाराही महिने असतो. आपल्या घरात, आपल्या आळीत कुणाच्या गोळ्या चालू असतील, तर यंदा आरतीला त्याला हाक मारावी आणि प्रसाद त्याच्या हातावर ठेवावा. मंडळाने एखाद्या घराचा सहा महिन्यांचा शिधा उचलला, तर तोही उत्सवाचाच खर्च समजावा.