वसतिगृहांचा इतिहास आणि आजचा विद्यार्थी

शिक्षणाचा इतिहास आपल्याकडे बहुधा संस्था, इमारती आणि देणगीदार यांच्या नावांनी सांगितला जातो. ती नावे स्मरणात राहिलीच पाहिजेत. परंतु त्या इमारतींत जी मुले राहिली आणि शिकली, त्यांनी स्वतः काय केले, याकडे आपले लक्ष कमी जाते. संस्था विद्यार्थ्याला जागा, गुरुजी आणि पुस्तक देऊ शकते. शिकण्याचे काम मात्र त्यालाच करावे लागते. हे समजून घेण्यासाठी महाराष्ट्रातील काही जुन्या वसतिगृहांची व शाळांची हकीकत आपल्या विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी अवश्य वाचावी, अशी आहे.

प्रथम आपल्या भागाकडे पाहू. हिमायतनगर, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडचे वाढोणा, हे निजामाच्या राज्यातील गाव. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले. तेथील शिक्षण उर्दूतून होते. या भागातील मुलाला पदवी घ्यायची तर हैदराबादची वाट धरावी लागे, आणि ती वाट फार थोड्यांना परवडे. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, १९५८ मध्ये त्या वेळच्या औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ झाले आणि १९९४ मध्ये नांदेडलाच स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे विद्यापीठ उभे राहिले. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २०१० पासून अमलात आहे. एके काळी हैदराबादेत शोधावे लागणारे शिक्षण आज मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावरील आपल्या गावाच्या जवळ येऊन उभे आहे. तेव्हा वाट दूर होती, ही अडचण होती. आज वाट जवळ आली, तरी पुष्कळ मुले मधूनच शाळा सोडतात, आणि जी टिकतात त्यांतील कित्येक गाइड व कॉपी यांच्या आधाराने पुढे सरकतात. याचे कारण केवळ गरिबीत शोधून चालणार नाही.

आता कोल्हापूरकडे वळू. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून आपल्या राजधानीत निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी वसतिगृहे काढण्यास साहाय्य केले. १९०६ मध्ये तेथे मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले आणि त्यासाठी स्थापन झालेल्या मोहामेडन एज्युकेशन सोसायटीचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः स्वीकारले. छत्रपतींच्या गादीवरचा राजा मुसलमान मुलांच्या वसतिगृहाची काळजी वाहतो, ही गोष्ट आजही मनाला उभारी देणारी आहे. पुढे १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. यात महाराजांची दृष्टी दिसते. शाळा काढणे हे राज्याचे काम, मुलाला शाळेत धाडणे हे पालकाचे काम. मात्र शाळेत गेल्यावर मन लावून शिकणे हे कोणत्याही हुकमाने होत नाही. ते मुलाकडेच राहते.

ते मुलाकडून कसे करवून घ्यावे, याचे उत्तर साताऱ्याला मिळाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्वतःचे शिक्षण इंग्रजी सहावीपर्यंतचे. त्यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह काढले. महात्मा गांधींनी १९२७ मध्ये त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव दिले. तेथे निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीत जेवत. ज्या काळात एका विहिरीचे पाणी भरता येत नसे, त्या काळातील ही गोष्ट आहे. घरोघरचे मूठ मूठ धान्य हा या कार्याचा आधार होता. पैसा संपला तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले.

परंतु भाऊरावांनी मुलांना केवळ जेवू घातले असते, तर ते अन्नछत्र झाले असते. त्यांनी मुलांच्या हाती कामे दिली. शेत खणणे, झाडे लावणे, बांधकामाला हात लावणे ही कामे मुले करीत आणि त्याच जोडीला अभ्यास करीत. पुढे १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, तेथे कमवा आणि शिका ही पद्धत रुजली. ज्या मुलाने स्वतः भाकरी थापली आहे, त्याला अन्न टाकताना संकोच वाटतो. ज्याने घाम गाळून फी भरली आहे, तो वर्गात डुलक्या घेत नाही. शिस्त छडीने येते तशी ती हातच्या कामानेही येते, आणि हातच्या कामाने आलेली शिस्त गुरुजी नसतानाही टिकते.

हाच विचार आपल्या समाजातील एका थोर शिक्षकाने दुसऱ्या वाटेने मांडला. डॉ. झाकिर हुसेन यांचा जन्म १८९७ साली हैदराबादचा. जामिया मिल्लिया इस्लामिया १९२० मध्ये अलीगढला स्थापन झाली, तेव्हा तेथील कॉलेज सोडून तिच्यात आलेल्या तरुणांपैकी ते एक. १९२६ ते १९४८ पर्यंत ते जामियाचे कुलगुरू होते. संस्था डबघाईला आली असता, वीस वर्षे सेवा करीन आणि दीडशे रुपयांहून अधिक वेतन घेणार नाही, अशी प्रतिज्ञा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. तेथील प्राथमिक शाळेत मुलांची बँक व मुलांचे दुकान मुलेच चालवीत. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष झाकिर हुसेनच होते. मातृभाषेतून आणि हातच्या उद्योगातून शिक्षण, हे त्या समितीच्या योजनेचे सार. पुढे १९६७ मध्ये हे शिक्षक भारताचे राष्ट्रपती झाले.

मुलींसाठीही इतिहासात धडा आहे. सावित्रीबाई फुले १८५६ मध्ये आजारपणामुळे माहेरी नायगावला होत्या. तेथून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी फातिमाचा उल्लेख केला आहे. आपल्यामागे कामाचा भार तिच्यावर पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा विश्वास त्यात आहे. त्या काळच्या पुण्यात एका मुसलमान मुलीवर असा विश्वास टाकला गेला, ही लहान गोष्ट नव्हे.

या सर्व हकीकतींत एक गोष्ट समान आहे. वडीलधाऱ्यांनी आपला वाटा आधी उचलला, आणि मग मुलांवर विश्वास टाकून त्यांच्या हाती खरे काम दिले. मुलांनी जबाबदार व्हावे असे व्याख्यान देऊन संस्थेने आपले काम संपले असे मानू नये. वर्गात शिक्षक नसेल, ग्रंथालयाचे कपाट कुलुपात असेल, तर दोष मुलाचा नाही. पालकांनीही विचार करावा. मुलाचा गृहपाठ आपण लिहून देणे, परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या भिंतीबाहेर उभे राहणे, ही माया नव्हे. त्याने मुलगा पास होईल, पण पुढच्या आयुष्यात त्याच्या जागी पेपर लिहायला आपण असणार नाही. तालीम शाळेत मिळते, तरबियतीची सुरुवात घरातून होते.

विद्यार्थी मित्रांनो आणि भगिनींनो, तुमच्या वाट्याची कामे मोठी नाहीत, पण ती तुमचीच आहेत. रोजचे वेळापत्रक स्वतः आखा आणि ते पाळले की नाही, हे रात्री स्वतःलाच विचारा. जे समजले नाही, ते दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारा. न विचारता मान डोलावणे ही स्वतःची फसवणूक आहे. मोबाइल किती वेळ हातात असावा, हे आई ओरडण्यापूर्वी तुम्ही ठरवा. वर्ग झाडण्याची पाळी, ग्रंथालयाची नोंदवही, धाकट्या भावंडाचा पाढा, यांपैकी एखादे काम वर्षभर अंगावर घ्या आणि ते कोणी न सांगता पार पाडा. कॉपी करून मिळालेले गुण गुणपत्रिकेवर राहतात, डोक्यात काही राहत नाही.

साताऱ्याच्या त्या मुलांजवळ आपल्यापेक्षा पुष्कळ कमी साधने होती. त्यांना घरचे धान्य पाठीवर वाहून आणावे लागे, तरी आपले शिक्षण आपल्यालाच पुरे करायचे आहे, हे त्यांनी ओळखले होते. नव्या शैक्षणिक वर्षात आपल्या गावातील प्रत्येक घरात हे एकदा बसून बोलले जावे, आणि मुलाच्या किंवा मुलीच्या हाती एक तरी खरे काम विश्वासाने सोपवले जावे, एवढीच या लेखामागची इच्छा आहे.