शाईच्या दौतीतून निघालेली माणसं : फ्लायशर स्टुडिओची वाटचाल

अमेरिकन कार्टूनचा इतिहास म्हटला की डिस्नीचं नाव आधी येतं. पण १९३०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर एक स्टुडिओ डिस्नीच्या तोडीस तोड काम करत होता. त्याचा बाज पूर्णपणे वेगळा होता आणि मला तो आजही जास्त जिवंत वाटतो.

मॅक्स फ्लायशर १८८३ साली क्राकोमध्ये एका शिंप्याच्या घरी जन्मले आणि लहानपणीच न्यूयॉर्कला आले. वृत्तपत्रात चित्रं काढता काढता ते ‘पॉप्युलर सायन्स’ मासिकाचे कला-संपादक झाले. चित्रकाराचा हात आणि मेकॅनिकचं डोकं असा त्यांचा पिंड होता. त्या काळच्या कार्टूनमधली धक्के खात चालणारी पात्रं त्यांना खटकत. त्यावर त्यांनी ‘रोटोस्कोप’ शोधला. धाकटा भाऊ डेव्ह याला विदूषकाचा पोशाख चढवून त्याच्या उड्या कॅमेऱ्यात टिपल्या. मग ती फिल्म एकेक चौकट करून काचेवर मागून पाडायची, वर कागद ठेवायचा आणि आकृती गिरवायची. पडद्यावरच्या एका मिनिटासाठी शेकडो चित्रं लागत. १९१७ मध्ये या यंत्राचं पेटंट मिळालं, आणि डेव्हच्या त्या उड्यांमधून कोको हा विदूषक जन्माला आला. ‘आऊट ऑफ द इंकवेल’ या मालिकेत तो मॅक्स यांच्या टेबलावरच्या दौतीतून बाहेर येई, निर्मात्याला छळे आणि खेळ संपला की पुन्हा शाईत शिरे.

१९२१ मध्ये भावांनी स्वतःची कंपनी काढली. १९२४ पासून त्यांनी प्रेक्षकांना गायला लावणारी कार्टूनं आणली. पडद्यावर गाण्याचे शब्द, आणि त्या शब्दांवरून टप्पे घेत जाणारा चेंडू. ली डी फॉरेस्ट यांच्या ध्वनितंत्राच्या मदतीने यातली काही बोलकीही झाली, म्हणजे डिस्नीच्या १९२८च्या ‘स्टीमबोट विली’च्या आधी! हे श्रेय फ्लायशर बंधूंच्या पदरात कधी नीट पडलंच नाही. पुढे त्यांची वितरण कंपनी बुडाली आणि पैशांची चणचण झाली. १९२९ मध्ये पॅरामाउंटच्या आधाराने ‘फ्लायशर स्टुडिओज’ उभा राहिला.

१९३०च्या ‘डिझी डिशेस’मध्ये ग्रिम नॅटविक यांनी एक गायिका रेखाटली. तिला कुत्र्याचे लोंबते कान होते. दोनेक वर्षांत त्या कानांची गोल कर्णभूषणं झाली आणि ती, म्हणजे बेटी बूप, पूर्ण स्त्री झाली. तिचा जोडीदार बिंबो मात्र कुत्राच राहिला. या चित्रपटांत हार्लेमचं जॅझ होतं, रस्त्यावरची मस्ती होती, भुतंखेतं होती. १९३३च्या ‘स्नो-व्हाइट’मध्ये कॅब कॅलोवे गातात आणि त्यांचीच पावलं गिरवलेला कोको गुहेतून सरकत चालतो. सात मिनिटांच्या या चित्रपटाचं बहुतेक रेखाटन एकट्या रोलंड क्रँडल यांचं आहे. कमी वेळात इतकी कल्पनाशक्ती ओतलेलं दुसरं कार्टून मला माहीत नाही. १९३४ मध्ये सेन्सॉरचे नियम कडक झाले. बेटीचा झगा लांब झाला आणि तिच्यातली खट्याळ मुलगी संपली.

तोवर पॉपाय आला होता. ई. सी. सेगार यांच्या चित्रपट्टीतला हा खलाशी १९३३ मध्ये पडद्यावर उतरला. फ्लायशरकडे आधी चित्रं आणि नंतर आवाज अशी पद्धत होती, त्यामुळे त्याला आवाज देणारे जॅक मर्सर ध्वनिमुद्रणाच्या वेळी पॉपायच्या तोंडी मनाला येईल ते पुटपुटत. ओठ हलत नसतानाही तो बडबडतो, त्याचं हे कारण. पार्श्वभूमीसाठी मॅक्स यांनी फिरत्या टेबलावर खऱ्याखुऱ्या छोट्या इमारती उभारल्या. पुढे दोन काचांमध्ये चित्र धरायचं, एक चौकट टिपायची, टेबल किंचित फिरवायचं. १९३६च्या सिंदबादवरच्या रंगीत चित्रपटातली गुहा पाहा, तिच्या खोलीत पॉपाय खरंच चालत जातो.

१९३७च्या मे महिन्यात कमी पगार आणि जादा तासांवरून कलाकार संपावर गेले. तो ऑक्टोबरपर्यंत चालला. कलाकारांची मागणी रास्त होती. त्यातून मालकांनी काय धडा घेतला? १९३८ मध्ये स्टुडिओ मायामीला हलवला, जिथे संघटना दुबळ्या होत्या. माझ्या मते खरी घसरण इथून सुरू झाली. शहर सुटलं, आणि शहरातून आलेला विनोदही सुटला. डिस्नीच्या ‘स्नो व्हाइट’च्या यशानंतर पॅरामाउंटला पूर्ण लांबीचा चित्रपट हवा होता. १९३९च्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये गलिव्हर रोटोस्कोपने गिरवलेला, आणि भोवतीचे लिलिपुटवासी डिस्नीच्या वळणाचे.

१९४१च्या ‘सुपरमॅन’ मालिकेत मात्र जुना दम दिसतो. काळोख्या इमारती, यंत्रमानव, लांब सावल्या. पण खर्च वाढत गेला, भावांमध्ये बोलणं बंद झालं, आणि ‘मिस्टर बग गोज टू टाउन’ हा दुसरा पूर्ण लांबीचा चित्रपट पर्ल हार्बरच्या हल्ल्याच्या दिवसांतच येऊन आपटला. १९४२ मध्ये पॅरामाउंटने स्टुडिओ ताब्यात घेऊन त्याचं नाव ‘फेमस स्टुडिओज’ केलं आणि पुढे तो पुन्हा न्यूयॉर्कला नेला. सुपरमॅनच्या सतरा लघुपटांपैकी शेवटचे आठ या नव्या नावाने निघाले. मॅक्स पुढे डेट्रॉइटच्या जॅम हँडी कंपनीत गेले आणि १९४८ मध्ये तिथे त्यांनी लाल नाकाच्या रुडॉल्फ रेनडिअरवर पहिलं कार्टून केलं.