राज्य गेले, खांब उभा राहिला
(१) पेशवाईच्या अखेरचे पुणे. निजामाच्या मुलखातून आलेल्या अली व गुलाब या पहिलवानांनी शहराला आव्हान दिले. आख्यायिका सांगते, ते स्वीकारले बाळंभट देवधर या तरुणाने.

(२) सप्तशृंगीवर माकडांच्या उड्या न्याहाळत त्याने लाकडी खांबावर अंग घडवले आणि अलीला चीत केले.

(३) बाळंभटदादा मल्लखांबाचे जनक मात्र नव्हेत. मल्लस्तंभाचा उल्लेख १२व्या शतकातील 'मानसोल्लासा'त आढळतो. दादा त्याचे पुनरुज्जीवक.

(४) १८१८ मध्ये राज्य बुडाले. दुसरा बाजीराव ब्रह्मावर्तास गेला. त्याच्या आश्रितांबरोबर ही विद्याही उत्तरेत रुजली.

(५) १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनमध्ये भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. राजाश्रय संपला, तरी गुरुशिष्यांनी विद्या राखली.