उसातलं आम्ल आणि जालन्याचं ऊन

मे महिन्यात जालन्याला घरी गेलो, तेव्हा गालांची सालं निघत होती. रोज रात्री ग्लायकोलिक अ‍ॅसिड, सकाळी उन्हात बाइक. सनस्क्रीनचा पत्ता नाही. आजी म्हणाली, "दही लाव म्हटलं तर हसलास ना?" खरंय, दह्यातलं लॅक्टिक आम्ल याचंच भावंड. हे मूळ उसातलं. आमच्या अंबडकडे ऊस भरपूर, बाटलीतलं मात्र बहुधा कारखान्यात बनतं.

१९७४ साली अमेरिकेत व्हॅन स्कॉट आणि यू यांनी ही आम्लं इक्थिऑसिसवर, म्हणजे त्वचेला खवले धरण्याच्या आजारावर, वापरून दाखवली. क्रीमं नंतर आली, पाठोपाठ तक्रारीही! १९९८च्या अहवालात तिथल्या तज्ज्ञांनी मर्यादा सांगितली: घरी वापरायला १० टक्क्यांपर्यंत, पीएच ३.५ किंवा जास्त, शिवाय उन्हापासून संरक्षण. माझ्या बाटलीवर पीएच छापलेलाच नव्हता.

गाल बरे होईपर्यंत बाटली बंद. आजीचं दही सध्या पोटातच जातंय.