पैठणची शुद्ध प्रत व जुन्या आवृत्त्यांचा प्रश्न

एखाद्या ग्रंथाची सुधारलेली आवृत्ति निघाली म्हणजे जुन्या आवृत्तीचें काय करावें, हा प्रश्न छापखान्याच्या काळांत कोणास फारसा पडत नसे. जुनी प्रत कपाटांत पडून राही, आणि ज्यास ती हवी असे तो ती धुंडून काढी. संगणकाच्या युगांत मात्र या प्रश्नास निराळेंच रूप आलें आहे. आपल्या हातांतील फोनवर व घरांतील संगणकावर जीं सॉफ्टवेअरें चालतात, तीं बहुतेक कांहीं मोठ्या भांडारांतून येतात. नवी आवृत्ति येतांच जुनी तेथून नाहींशी व्हावी कीं तीही तेथेंच राहावी, हें ठरविणें भांडार चालविणाऱ्या थोड्या मंडळींच्या हातीं असतें; आणि त्यांनीं ती काढून टाकली, तर सामान्य मनुष्याच्या कपाटांत तिची दुसरी प्रत नसते.

दोन्ही पक्षांस बळकट आधार आहे. जुन्या आवृत्तींत पुष्कळदां चोरास आंत शिरण्याजोगी फट राहून गेलेली असते. २०२१ च्या डिसेंबरांत ‘लॉग-फोर-जे’ नांवाच्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एका भागांत अशी फट उघडकीस आली. परंतु जुन्या आवृत्त्या भांडारांत तशाच असल्यामुळें, दोष जगजाहीर झाल्यावरही लोक त्याच उतरवून घेत राहिले. उलट पक्षीं, २०१६ च्या मार्चांत ‘एनपीएम’ या भांडारांतून ‘लेफ्ट-पॅड’ हा अवघ्या अकरा ओळींचा तुकडा त्याच्या कर्त्यानें काढून घेतला, तों त्यावर विसंबलेलीं हजारों कामें एकदम अडलीं. शेवटीं भांडारास तो परत ठेवावा लागला व वस्तु काढून घेण्याचे नियमही कडक करावे लागले. ठेवावें तर धोका, काढावें तर धोका, असा हा पेंच आहे.

हा पेंच आपणांस अगदीं नवा वाटतो. वस्तुतः आमच्या छत्रपति संभाजीनगराच्या दक्षिणेस सुमारें पन्नास किलोमीटरांवर असलेल्या पैठणास तो चारशें वर्षांपूर्वींच उपस्थित होऊन गेला आहे, आणि त्याचा जो निकाल लागला त्याचीं बरीं व वाईट अशीं दोन्ही फळें आपण आज पाहत आहों.

ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, नेवासें येथें सिद्ध झाली. पुढें जवळजवळ तीन शतकें ती हातानें उतरली जात होती. नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ उतरतांना लेखणी कोठें तरी घसरावयाचीच. जुना शब्द न कळला तर लेखक त्याच्या जागीं ओळखीचा शब्द घाली. आणि एखाद्या भाविकास स्वतःचीच ओवी मध्यें सरकविण्याचा मोह होई. एकनाथांनीं शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्यें, हा ग्रंथ शोधून शुद्ध केला. मूळचा अत्यंत शुद्ध असलेला हा ग्रंथ पाठांतरांमुळें अशुद्ध झाला होता, असें कारण त्यांनीं शेवटीं जोडलेल्या ओव्यांत दिलें आहे. आणि यापुढें कोणीं त्यांत आपली ओवी घालूं नये, अशी ताकीदही तेथेंच दिली आहे. आजच्या भांडारवाल्यांच्या भाषेंत सांगावयाचें तर नाथांनीं एक प्रमाण आवृत्ति प्रसिद्ध करून तिजवर मोहोर उठविली.

या कार्याचे उपकार केवढे आहेत, हें सांगण्याची गरज नाहीं. महाराष्ट्रांत ज्ञानेश्वरी एका सुरांत वाचली जाते याचें मोठें श्रेय पैठणच्या या परिश्रमास आहे. परंतु या यशांतच एक हानि दडलेली होती. जुन्या पोथ्या नष्ट करा, असें नाथांनीं त्या ओव्यांत कोठेंही म्हटलेलें नाहीं. तसें म्हणण्याची आवश्यकताच नव्हती. हातानें ग्रंथ उतरण्यास महिनोन् महिने लागत. एवढे श्रम करावयाचे तर ते शुद्ध प्रतीवर सोडून अशुद्ध प्रतीवर कोण करणार? आणि ज्या पोथीची नवी प्रत निघत नाहीं, तिला वाळवी व दमट हवा यांच्या स्वाधीन होण्यावांचून गति नसते. शिवाय अमुक ठिकाणीं पूर्वीं कोणता पाठ होता व तो कां सोडला, याची नोंद ठेवण्याची त्या काळीं रीत नव्हती. त्यामुळें नाथांनीं काय स्वीकारलें हें आपणांस दिसतें. काय टाकलें हें दिसत नाहीं.

ही उणीव किती मोठी आहे, हें तीन शतकांनीं कळून आलें. बीडजवळच्या पाटांगण येथें मिळालेल्या एका पोथीवरून इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १९०९ मध्यें ज्ञानेश्वरी छापली. ही पोथी नाथांच्या पूर्वींची आहे असें त्यांचें प्रतिपादन होतें, आणि तिच्या आधारें त्यांनीं ज्ञानेश्वरकालीन मराठीचें व्याकरणही रचलें. त्या पोथीच्या वयाविषयीं विद्वानांत मतभेद झाले. येथें आम्हांस कोणाचा पक्ष घ्यावयाचा नाहीं. आम्हांस दिसतें तें एवढेंच कीं, नाथांच्या समोर असलेल्या पोथ्या आज आपल्या समोर असत्या, तर हा वाद एका दुपारांत मिटला असता.

हाच प्रश्न विसाव्या शतकांत पुण्यास पुन्हां आला, तेव्हां तो निराळ्या रीतीनें सोडविला गेला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ मध्यें महाभारताची चिकित्सित आवृत्ति हातीं घेतली, आणि विष्णु सीताराम सुखठणकर १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक झाले. ते १९४३ मध्यें वारले. काम १९६६ मध्यें पूर्ण झालें. या आवृत्तींत पृष्ठाच्या वरच्या भागीं निवडलेली संहिता आहे. तिच्या खालीं, कोणत्या पोथींत कोणता निराळा पाठ आहे हें संक्षिप्त खुणांनीं नोंदलें आहे. आणि लांब प्रक्षेप परिशिष्टांत दिले आहेत. व्यासांनीं सांगावें व गणेशानें लिहावें, ही घराघरांत ठाऊक असलेली कथा मूळ संहितेंत बसत नाहीं असें संपादकांस दिसलें. त्यांनीं ती वरून काढली, पण फेंकून दिली नाहीं. उद्यां कोणास संपादकांचा निर्णय चुकीचा वाटला, तर त्याच आवृत्तीच्या आधारें त्यास त्यांच्याशीं वाद घालतां येतो. आम्हांस या पद्धतीचें खरें मोठेपण यांतच दिसतें.

सॉफ्टवेअरच्या भांडारांसही हाच मार्ग योग्य होय, आणि शहाण्या भांडारांनीं तो धरलाही आहे. पायथन भाषेच्या भांडारांत सदोष आवृत्तीवर तशी खूण करतां येते. मग ती नवख्यास आपण होऊन दिली जात नाहीं, पण तिचा नेमका क्रमांक मागणाऱ्यास मिळते. डेबियन या संस्थेनें आपल्या मुख्य भांडारांत चालू आवृत्त्या ठेवून, २००५ पासूनच्या जुन्या आवृत्त्यांसाठीं वेगळें दप्तर राखलें आहे. खर्चाचा आक्षेप येथें येईल, तो अंशतः खराही आहे. परंतु जुनी आवृत्ति जपणें निराळें व तिची डागडुजी करीत राहणें निराळें. दुसऱ्याचा भार फार मोठा. तो कोणावर लादतां येणार नाहीं. पहिल्याचा भार मात्र फारसा नाहीं. ज्याचा जुना फोन नवी आवृत्ति पेलूं शकत नाहीं, त्याला धोक्याची सूचना देऊन जुनी आवृत्ति हातीं द्यावी. निवड त्याची त्यानें करावी.

नाथांना श्रमावांचून व कागदावांचून दुसरें साधन नव्हतें, म्हणून त्यांना दोष देणें कृतघ्नपणाचें होईल. आमच्या पिढीस ती सबब सांगतां येणार नाहीं. उत्तम आवृत्ति पुढें ठेवण्याचा अधिकार भांडारकर्त्यांस अवश्य असावा. पण तिच्या मागें काय होतें व तें कां मागें सारलें, हें पुढील पिढीस तपासतां येईल इतकी तजवीज त्यांनीं करून ठेवलीच पाहिजे.